बचत गटाच्या मालाला इंग्रजी विशेषणं: कोणती लावावीत, कोणती नकोत?

सोलकढी

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाचा माल आजवर जत्रेत, स्टँडजवळच्या एका दुकानात आणि मुंबईकर पाहुण्यांच्या पिशव्यांतून जात होता. आता ऑनलाइन विक्रीसाठी नोंदणी झाली आहे. वस्तू ओळखीच्याच: आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम (कोकमाचं गोड सरबत), काजूगर, कुळथाचं पीठ, लाल पोहे आणि मालवणी मसाला. प्रत्येकीसाठी इंग्रजी शीर्षक आणि चार-पाच ओळींचं वर्णन द्यावं लागतं. गटातल्या दोन मुलींनी इतर विक्रेत्यांची पानं पाहून मजकूर तयार केला. मसाल्याचा असा आहे: प्रीमियम, ऑथेंटिक, ट्रॅडिशनल, 100 टक्के प्युअर अँड नॅचरल, फ्रेश, होममेड, बेस्ट क्वालिटी मालवणी मसाला.

मुलींनी मनापासून काम केलंय, त्यांना नाउमेद करायचं नाही. पण हाच मजकूर हळदीच्या किंवा तुपाच्या पाकिटावर चिकटवला तरी खपून जाईल. मसाला तिखटजाळ आहे की मध्यम, रश्श्याला रंग कसा येतो, तो कोंबडीला घालायचा की काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आणि परगावच्या गिऱ्हाइकाला पाकीट नाकाशी धरता येत नाही, चिमूटभर जिभेवर ठेवून बघता येत नाही. त्याला जे कळणार ते आमच्या शब्दांतूनच.

तर विशेषणं निवडायची कशी? आणि तुलना कशी करायची? आमचे काजूगर बाजारातल्यांपेक्षा मोठे आहेत, आगळ जास्त दाट आहे. ते 'बिगर', 'थिकर', 'बेटर' असं सरळ लिहिलं तर चालतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. प्रतिसाद मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

मोजमाप

सोलकढीताई, खाद्यपदार्थांच्या लेबलांचं काम करतो, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. तुमच्या यादीतली बहुतेक विशेषणं मनाला येईल तशी लावताच येत नाहीत.

एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, जाहिरात आणि दाव्यांबाबतचे नियम 2018 साली आले आणि 1 जुलै 2019 पासून लागू झाले. त्यात नॅचरल, फ्रेश, प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक, जेन्युइन, रिअल हे शब्द नावानिशी घेऊन त्यांच्या अटी दिल्या आहेत. तुमच्या मालाला लावून दाखवतो.

'प्युअर' म्हणायचं तर पदार्थ एकाच घटकाचा हवा आणि त्यात वरून काहीही घातलेलं नको. तुमच्या मसाल्यात मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असं पंधरा-वीस जिन्नस असणार. तो मिश्र पदार्थ झाला, त्याला 'प्युअर' म्हणता येत नाही. सगळे घटक त्या अटीत बसत असतील तर 'शुद्ध घटकांपासून बनवलेला' एवढंच म्हणता येतं. 'नॅचरल'चंही तसंच. एकच पदार्थ, काही न मिसळलेला, आणि त्यावर खाण्याजोगा करण्यापुरतीच प्रक्रिया. भाजणं, वाळवणं त्यात बसतं. म्हणजे फक्त कुळीथ भाजून दळलेलं पीठ 'नॅचरल' ठरू शकतं. आगळात मीठ आहे, तिथे तो शब्द गेला. अमृत कोकमात साखर आहे, तिथेही गेला.

'फ्रेश' हा शब्द धुतलेल्या, सोललेल्या, कापलेल्या, थंड ठेवलेल्या मालासाठी आहे. आमसुलं म्हणजे रसाचे हात देऊन उन्हात वाळवलेली सालं. ती 'फ्रेश' कशी होतील? दळलेल्या मसाल्यालाही तो शब्द नको. त्याऐवजी दळल्याचा महिना लिहा. गिऱ्हाइकाला ताजेपणाच हवा असतो, आणि तो तारखेवरून कळतो.

'ट्रॅडिशनल' लिहायचं तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि फारशी न बदललेली आहे हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्याकडे ते दाखवणं अवघड नाही, पण गटाने मसाल्यात सोयीसाठी एखादा नवा जिन्नस घातला असेल तर विचार करा. 'होममेड'ने गिऱ्हाइकाची चुकीची समजूत होणार असेल तर तो शब्द टाळावा. भाड्याच्या गाळ्यात गिरणी बसवून दळत असाल तर 'बचत गटातल्या महिलांनी बनवलेला' हे जास्त खरं आहे आणि ऐकायलाही चांगलं वाटतं.

'100 टक्के'बद्दल: जून 2024 मध्ये एफएसएसएआयने फळांच्या रसांवरचा '100 टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा काढायला लावला, आणि मे 2025 मध्ये एकूणच लेबलवर '100 टक्के' वापरू नका असं उत्पादकांना सांगितलं. तेव्हा तो काढाच.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाखांपर्यंत दंड आहे. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. बचत गटावर लगेच कुणी चालून येत नाही. पण आज 500 पाकिटांवर छापलेला शब्द उद्या मोठी ऑर्डर आली की सगळ्यात आधी तपासला जातो.

एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते. खाद्यतेलाच्या लेबलावर 'डबल रिफाइंड', 'सुपर रिफाइंड', 'अल्ट्रा रिफाइंड' हे शब्द वापरायला मनाई आहे. तरी आपण दुकानात 'डबल रिफाइंड द्या' म्हणतो. एक विशेषण लोकांच्या तोंडात बसलं की कायद्यालाही ते तिथून काढता येत नाही. म्हणून छापण्याआधी विचार करायचा.

काजूच्या_बागेतून

मोठे काजूगर म्हणजे किती मोठे, हे सांगायची पद्धत काजूच्या धंद्यात कधीपासून आहे. 'जंबो', 'किंग साइज', 'बिग' यांना भाव नाही, ग्रेडला आहे. अख्ख्या पांढऱ्या गराला डब्ल्यू आणि पुढे आकडा. आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात. डब्ल्यू 180 म्हणजे 170 ते 180 गर. डब्ल्यू 240 म्हणजे 220 ते 240. बाजारात सर्रास मिळतो तो डब्ल्यू 320, म्हणजे 300 ते 320. आकडा जितका लहान तितका गर मोठा. नवीन माणूस इथेच फसतो, त्याला 320 हा आकडा मोठा म्हणून माल भारी वाटतो.

ताई, तुम्ही घरीच काट्यावर 454 ग्रॅम गर घ्या, पंख्याखाली नको, नाहीतर काटा हलतो. तुटके बाजूला काढा आणि अख्खे मोजा. 215 भरले तर तुमचा माल 'नेहमीच्या 320 पेक्षा मोठा' हे तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता, कारण तुलना कशाशी केली ते सांगितलंत. पण दर खेपेला मोजायला हवं. एका बागेतली वेंगुर्ला-7 ची टपोरी बी आणि दुसरीकडची गावठी बी एकत्र फोडली की ग्रेड बिघडते.

सालासकट भाजलेले असतील तर 'रोस्टेड, स्किन-ऑन' लिहा. कोकणाबाहेरच्या माणसाला काजूवर तपकिरी साल असते हेच माहीत नसतं, त्याला माल खराब वाटतो.

इंग्रजीच्या_बाई

शाळेत 'गुड, बेटर, बेस्ट' शिकवताना मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारायला लावते: कशापेक्षा? मराठीत आपण तुलना 'पेक्षा' किंवा 'हून' लावून करतो, त्यामुळे ज्याच्याशी तुलना करायची ती वस्तू वाक्यात आपोआप येते. 'आमचं आगळ त्या आगळापेक्षा दाट.' इंग्रजीत मात्र शब्दाच्या शेवटी 'अर' लावला की काम भागतं, समोरची वस्तू गायब करता येते. जाहिराती याच सोयीवर चालतात. व्हाइटर, ब्राइटर, सॉफ्टर. कशापेक्षा, ते कुणी सांगत नाही.

म्हणून माझी शिफारस: इंग्रजी वाक्य लिहून झालं की ते मनातल्या मनात मराठीत 'पेक्षा' लावून वाचा. 'पेक्षा'च्या अलीकडे काही लिहिता आलं नाही तर ते 'थिकर' काढून 'थिक' ठेवा. नुसतं 'दाट' हे खरं वर्णन आहे, 'जास्त दाट' हा दावा आहे.

व्याकरणाचं थोडक्यात. एका अवयवाचा (सिलेबलचा) शब्द असेल तर 'अर', 'एस्ट': थिकर, थिकेस्ट. 'क्रिस्पी', 'टँगी' यांचं क्रिस्पिअर, टँगिअर. 'अरोमॅटिक', 'फ्लेवरफुल' अशा लांब शब्दांना आधी 'मोअर'. 'मोअर टेस्टिअर' असं दुहेरी कधीच नाही, मी ते छापील पिशव्यांवर पाहिलं आहे.

खरी मेख पुढे आहे. विशेषणं दोन जातींची असतात. एक जात मत सांगते: टेस्टी, अमेझिंग, प्रीमियम, बेस्ट. दुसरी जात वस्तूला काय केलं ते सांगते: सन-ड्राइड, स्टोन-ग्राउंड, रोस्टेड, सॉल्टेड, अनस्वीटन्ड, हँड-पाउंडेड. दुसऱ्या जातीचं विशेषण कुणीही तपासू शकतं, म्हणून त्यावर विश्वास बसतो. आणि ही आपलीच जुनी रीत आहे. हातसडीचे तांदूळ, घाण्याचं तेल, जात्यावरचं पीठ, पाट्यावरचं वाटण. आपल्या आज्यांनी 'उत्कृष्ट तेल' कधी मागितलं नाही, घाण्याचं मागितलं. मुलींना सांगा, आधी मराठीत विचारा, 'याला आपण काय काय केलं?' त्याच उत्तराची इंग्रजी विशेषणं करा. एका ओळीत तीन पुरे.

क्लिकमागे_क्लिक

वरचं सगळं पटतं, तरी एक विरोधी मुद्दा मांडतो, कारण ऑनलाइन विक्री हेच माझं काम आहे. गिऱ्हाईक शोधताना 'बेस्ट', 'प्युअर', 'ऑरगॅनिक' हेच टाइप करतो. शीर्षकात ते नसतील तर तुमचं पान खाली जातं. खरेपणा जपून माल दिसलाच नाही तर गटाला काय मिळणार? माझ्या ओळखीतल्या लहान उत्पादकांनी हे शब्द काढले आणि विक्री उतरली. हे दुर्लक्षून चालणार नाही.

मोजमाप

क्लिकभाऊ, मुद्दा खरा आहे आणि तो टाळायचा नाही. पण आमसुलं शोधणारा नक्की काय टाइप करतो ते बघा. 'बेस्ट कोकम' लिहिणारा सगळ्या देशाच्या विक्रेत्यांच्या गर्दीत जातो, आणि तिथे लहान गट मोठ्या कंपनीच्या जाहिरात खर्चापुढे टिकत नाही. 'कोकम फॉर सोलकढी', 'सीडलेस ड्राय कोकम', 'मालवणी मसाला फॉर फिश करी' असं लिहिणाऱ्याला आपल्याला काय हवं ते आधीच ठाऊक असतं. तो कमी संख्येने येतो, पण घेऊन जातो. तुमच्या ओळखीतल्यांनी शब्द काढले तेव्हा त्यांच्या जागी काही घातलं होतं का, हे विचारायला हवं. रिकामी जागा सोडली तर विक्री उतरणारच.

'ऑरगॅनिक'बद्दल मात्र माझी तडजोड नाही. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणीकरण योजनांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर 'जैविक भारत'चं चिन्ह येतं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या अगदी लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण त्याला ते चिन्ह लावता येत नाही. परसातल्या रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, कुणी फवारणी करत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हा शब्द सहज लिहावासा वाटतो. तो मोह आवरा. 'फवारणी न केलेल्या परसबागेतली फळं' हे वाक्य लिहा, आणि ते फक्त त्याच झाडांच्या मालावर.

आणि तुमच्याकडे एक कमावलेलं विशेषण आधीच आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून गटाची नोंदणी करून घ्या. 'ऑथेंटिक' लिहिण्यापेक्षा ते चिन्ह लाखमोलाचं.

क्लिकमागे_क्लिक

रिकामी जागा सोडली होती, बरोबर. पुढच्या वेळी कशासाठी वापरायचं ते शीर्षकात घालून बघायला सांगतो. शीर्षकाचे पहिले पाच-सहा शब्दच मोबाईलवर दिसतात, त्यामुळे विशेषण आधी की वस्तूचं नाव आधी यावर मात्र भांडायला तयार आहे. माझ्या मते नाव आधी.

एडिसनवरून

न्यू जर्सीत राहतो, इथल्या भारतीय दुकानांत कोकम मिळतं. गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

आगळाच्या बाटलीवर नुसतं 'कोकम ज्यूस' लिहू नका. कृपा करा. अमेरिकेत ज्यूस म्हटलं की माणूस पेल्यात ओतून पितो. आगळ तसं प्यायलं तर मिठाने तोंड वाकडं होतं आणि पुन्हा कोकमाचं नाव निघत नाही. तिथे तीन विशेषणं हवीतच: कॉन्सन्ट्रेटेड, सॉल्टेड, अनस्वीटन्ड. अमृत कोकमावर 'स्वीटन्ड'. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या गडद लाल-जांभळ्या, फरक या शब्दांनीच कळतो. खाली एक ओळ: एका पेल्याला किती चमचे घालायचं.

'सावर' हा शब्द मी आमसुलांना लावणार नाही. दुधाला, वासाला 'सावर' म्हटलं की नासल्याचा भास होतो. 'टार्ट' लिहा, तो फळाच्या आंबटपणाचा शब्द आहे. चिवडा किंवा चटणी असेल तर 'टँगी'.

'स्पायसी'ने तर कायम घोळ होतो. इथल्या माणसाला 'स्पायसी' म्हणजे तिखट. मालवणी मसाला तिखटही आहे आणि सुगंधीही, पण 'स्पायसी'तून त्याला फक्त मिरची कळते. 'हॉट' एकदा, 'अरोमॅटिक' एकदा असं वेगळं लिहा, आणि शक्य असेल तर माइल्ड, मीडियम, हॉट अशी पट्टी ठेवून त्यावर खूण करा. 'चीप' चुकूनही नको, त्यात हलक्या दर्जाचा अर्थ येतो. स्वस्त सांगायचं तर 'अफोर्डेबल', नाहीतर सरळ किंमत.

निर्यातीचा विचार असेल तर इथले नियम वेगळे आहेत. अमेरिकेच्या एफडीएने 'नॅचरल'ची औपचारिक व्याख्या केलेली नाही, पण 'हेल्दी'ची केली आहे आणि डिसेंबर 2024 मध्ये ती बदलली. मीठ, साखर किती हे त्यात बघतात. आगळावर 'हेल्दी' लिहायचा विचारही नको.

कलम_आणि_पोटकलम

'बेटर' आणि 'बेस्ट'बद्दल ताईंनी विचारलंय. वकिली करतो, म्हणून न्यायालयाने काय म्हटलंय ते सांगतो.

कोलकाता उच्च न्यायालयाचा 1999 चा एक निकाल अजून दाखल्याला घेतला जातो. नीळ विकणाऱ्या दोन उत्पादकांचा वाद होता. तत्त्व असं मांडलं गेलं की व्यापाऱ्याला आपला माल जगात सर्वोत्तम आहे असं म्हणायची मुभा आहे, दुसऱ्यांपेक्षा चांगला आहे असंही म्हणता येतं. पण दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणता येत नाही, ती बदनामी होते. म्हणजे 'बेस्ट' लिहिल्याबद्दल प्रतिस्पर्धी तुम्हाला कोर्टात खेचेल ही भीती फारशी नाही.

पण हे दोन व्यापाऱ्यांमधलं झालं, ग्राहकाची बाजू वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा सिद्ध करायची तयारी ठेवावी लागते. 'सर्वोत्तम' हे मत म्हणून सुटतं, '30 टक्के जास्त' हे सुटत नाही, तिथे चाचणीचा कागद लागतो.

2010 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचं धुण्याच्या पावडरीवरून जे भांडण झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. एका पाकिटाचं नाव दाखवून दुसरीने आपली पांढरी शुभ्रता जास्त असल्याची जाहिरात केली, ती कोलकात्याच्या न्यायालयाने थांबवली. त्याच सुमारास, जिचं पाकीट दाखवलं होतं त्या पावडरीच्या नावातल्या 'नॅचरल्स'वरून मद्रास उच्च न्यायालयात वाद गेला. तिच्यात लिंबू-चंदन आहे असा जाहिरातीतून होणारा समज दूर करायला सांगितलं गेलं. एकात तुलनेमुळे अडचण, दुसऱ्यात साध्या विशेषणामुळे.

आणि बाईंच्या 'कशापेक्षा?'ला जोड देतो. मुलं 'टॉलर, स्ट्राँगर, शार्पर' होतात अशी एका दुधात घालायच्या पावडरीची जाहिरात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे. ती ब्रिटनमधल्या एका दक्षिण आशियाई वाहिनीवर लागली, तेव्हा 2008 मध्ये तिथल्या जाहिरात नियंत्रकांनी दावा सिद्ध होत नाही म्हणून ती बंद केली.

अन्नाच्या बाबतीत तर तुलनेचा आकडाच ठरलेला आहे. 'लाइट', 'रिड्यूस्ड', 'लेस' म्हणायचं तर त्याच प्रकारच्या पदार्थाशी तुलना हवी आणि ऊर्जा, साखर, चरबी यांत निदान 25 टक्क्यांचा फरक हवा. 'लो शुगर' लिहायचं तर घन पदार्थात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको, पेयात 100 मिलीला अडीच ग्रॅम. अमृत कोकमाची 'कमी गोड' आवृत्ती काढणार असाल तर आधी हा हिशेब करा.

रेशीमगाठ

खाण्यापलीकडचं लिहिते, कारण हाच त्रास साड्यांत रोज दिसतो. 'आर्ट सिल्क' वाचून बायकांना कलाकुसरीचं रेशीम वाटतं. ते 'आर्टिफिशियल'चं आखूड रूप आहे, म्हणजे कृत्रिम धागा. 'सेमी पैठणी'त 'सेमी' म्हणजे नक्की काय अर्धं, हे दुकानदारही सांगत नाही. कुठे धागा मिश्र, कुठे जर नकली, कुठे यंत्रमागावर विणलेली, सगळंच त्या एका शब्दाखाली. येवल्याला एका विणकराच्या घरी पैठणी उलटी करून बघितली, काठ आणि पदराची नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच स्वच्छ होती, लोंबणारे धागे नव्हते. 'नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी' हे वाक्य त्या विणकरासाठी कोणत्याही 'रॉयल' आणि 'लक्झुरिअस'पेक्षा जास्त काम करेल, कारण ते वाचून गिऱ्हाईक साडी उलटी करून बघतं. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क बघून मगच 'प्युअर सिल्क', 'हँडवोव्हन' या शब्दांवर विश्वास ठेवा.

कापशी_पायताण

रेशीमगाठताई, कोल्हापुरीचं दुखणंही हेच. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणं दाखवली आणि वर्णनात नुसत्या चामड्याच्या सँडल म्हटलं. इकडे ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय पारंपरिक पादत्राणांची प्रेरणा मान्य केली. एक 'कोल्हापुरी' हा शब्द गाळला की किती जणांची मेहनत पुसली जाते ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. 2019 पासून या चपलेला जीआय आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

आमच्याकडची पोरं ऑनलाइन 'जेन्युइन लेदर' लिहितात. परदेशी गिऱ्हाइकाला त्यातून एवढंच कळतं की चामडं खरं आहे, ते कसलं ते नाही. 'व्हेजिटेबल-टॅन्ड' लिहा, कारण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं हीच या चपलेची ओळख. 'हँड-स्टिच्ड' लिहा, शिलाई खरंच हाताची असेल तर. आणि 'कम्फर्टेबल' लिहू नका. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, तेल लावून पायात मुरवावी लागते. हे आधीच लिहिलं तर चप्पल परत येत नाही.

सोलकढी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हे वाचून दाखवलं. 'याला आपण काय काय केलं?' या प्रश्नावर बायका इतक्या बोलल्या की लिहून घेताना हात दुखला. संकेश्वरी मिरची देठं खुडून दोन उन्हं देतात, खडा मसाला वेगवेगळा भाजतात, धणे शेवटी, कारण ते आधी भाजले तर बाकीचं भाजून होईपर्यंत त्यांचा वास उडतो. हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

मुलींनी नवा मजकूर केला आहे, त्याचा गाभा देते. मसाला: मालवणी मसाला, स्टोन-ग्राउंड, हॉट अँड अरोमॅटिक, संकेश्वरी आणि बेडगी मिरची, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला, मासे, कोंबडी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी, चार माणसांच्या रश्श्याला दोन चहाचे चमचे. आगळ: कॉन्सन्ट्रेटेड, सॉल्टेड, अनस्वीटन्ड. आमसुलं: सन-ड्राइड, सीडलेस, टार्ट. काजूगर मोजायला काटा मागवलाय, तोपर्यंत आकाराबद्दल काहीच लिहिणार नाही.

'प्रीमियम' काढताना एक मावशी हळहळल्या. त्यांचं म्हणणं, 'आमच्या वस्तूला चांगली म्हणायचीच नाही का?' मला नीट उत्तर देता आलं नाही.

इंग्रजीच्या_बाई

मावशींना सांगा, जरूर म्हणायचं. धणे शेवटी भाजण्याचं कारण इंग्रजीत दोन वाक्यांत लिहा, वाचणारा स्वतःच चांगलं म्हणेल. ते वाक्य मी लिहून देते, मला निरोप करा.

मोजमाप

मजकूर उत्तम झालाय. दोन दुरुस्त्या. गिरणी चक्कीची, म्हणजे दगडी जात्याची असेल तरच 'स्टोन-ग्राउंड'. डंखावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कुटत असाल किंवा पल्व्हरायझर असेल तर तो शब्द काढा. डंखाला 'पाउंडेड' चालेल. आणि 'हॉट' लिहिलंत तर दोन मिरच्यांचं प्रमाण वजनाने पक्कं करा. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. एका खेपेत प्रमाण बदललं की 'हॉट'चं 'मीडियम' होतं आणि जुनं गिऱ्हाईक तक्रार करतं.

सोलकढी

डंखच आहे, तालुक्याच्या गावी नेऊन कुटून आणतो. 'पाउंडेड' करते. लाल पोह्यांचं राहिलंच, त्याला काय लिहू?

एडिसनवरून

'रेड राइस' लिहा, 'ब्राउन' नको, ते इथे वेगळ्याच तांदळाला म्हणतात. आणि 'थिक' की 'थिन' ते शीर्षकातच हवं. पातळ पोहे कांदेपोह्यांसाठी भिजवले की लगदा होतो, आणि माणूस पोह्यांना दोष देतो.